सव्वादोन किलोचा चाप

बँकेच्या दाराला उजवीकडे एक दगडी खांब होता आणि डावीकडे तो उभा असायचा. दोघांची उंची जवळपास सारखीच. सव्वीस वर्षं दोघं जागचे हलले नाहीत, म्हणून लोक त्याला खांब म्हणू लागले आणि बँकेतली मंडळी खांबमामा. आधी त्याला राग यायचा. पुढे नाव अंगात मुरलं, आणि कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर मान वळवायला त्यालाच क्षणभर वेळ लागायचा.

दुनळी बंदूक त्याची स्वतःची होती, परवानाही त्याच्याच नावाचा. सकाळी साडेनऊला दाराशी आला की तो पहिल्यांदा बंदूक उघडायचा, दोन्ही नळ्यांतून आभाळाकडे बघायचा, मग खिशातली दोन काडतुसं एकेक करून आत सरकवायचा. संध्याकाळी निघताना ती तशीच एकेक करून बाहेर. पोराच्या डोळ्यात फुंकर घालावी इतक्या जपून हे चालायचं. सव्वीस वर्षांत त्या नळ्यांतून दाराशी एकही गोळी सुटली नाही. वर्षातून एकदा गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत चाचणी व्हायची, तिथे पाच गोळ्या मारायच्या. एवढाच त्या बंदुकीचा आवाज. बाकी वर्षभर ती मुकी.

मागच्या वर्षी त्या पाचांतली पाचवी गोळी सुटायला वेळ लागला. चाचणी घेणारे साहेब मागे उभे होते. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "काय हो, झोप लागली का?"

"चाप जड झालाय, साहेब."

"मग दुरुस्त करून घ्या. पुढच्या वर्षी असं चालणार नाही."

पुढचं वर्ष बघता बघता आलं. चाचणीला आठ दिवस राहिले, तेव्हा त्याने घरी मोकळी काडतुसं घालून सराव करून बघितला. दोन चापांतला पुढचा ओढताना पहिलं बोट वाटेतच थांबलं. जोर लावला तर नळीचं तोंड भिंतीवरच्या घड्याळाकडून खिडकीकडे गेलं. दुसरं बोट मदतीला घेतलं तेव्हा कुठे खटका पडला. चाचणीत असं झालं तर दारावरची जागा गेली, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. नोकरीची अजून दोन वर्षं बाकी होती. पण खरं सांगायचं तर त्याला वर्षांची काळजी नव्हती. त्या दाराशी उभा नसलेला आपण कसा दिसतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

"चाप जड झालाय," तो बायकोला म्हणाला.

त्याची बायको गाद्या आणि उशा भरायची. घराची पुढची खोली तिचीच: एका बाजूला कापसाचा ढीग, मधे लांब फळी, भिंतीला खिळ्यावर टांगलेला ताणकाटा. गादीत कापूस किती गेला हे ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्या काट्यावर तोलून दाखवायची. वाटेल ते बोलून घ्या, पण तिच्या काट्याला कुणी नाव ठेवलं की ती सुई खाली ठेवायची आणि मग ऐकवायची.

"जड झालाय म्हणजे किती?" तिने विचारलं.

"किती म्हणजे? जड."

"अहो, जड म्हणजे काही माप नव्हे. माझ्याकडे काटा आहे. मोजा की."

त्याला हे सुचलं नव्हतं. सव्वीस वर्षं बंदूक खांद्यावर होती, तिचं सगळं वजन त्याला तोंडपाठ होतं, पण चाप किती ओढीला सुटतो हे त्याने कधी आकड्यात बघितलंच नव्हतं. बंदूक दुरुस्त करणारा त्याचा जुना दोस्त, ज्याला सगळे ठिणगी म्हणत, तो असं मोजतो हे त्याला माहीत होतं. पण ठिणगीकडे जाण्याआधी आकडा हातात असला तर बोलायला बरं.

रविवारी दुपारी फळीवरचा कापूस बाजूला झाला. त्याने बंदूक उघडली, दोन्ही घरांत बोट घालून बघितलं, पुन्हा बघितलं, मग बायकोलाही बघायला लावलं.

"मी काय बघू त्यात?"

"रिकामी आहे ना, ते बघ. चार डोळ्यांनी बघितलेलं बरं."

"रिकामी आहे. पलीकडची खिडकी दिसतेय."

मग मोकळी काडतुसं आत घातली. त्यांच्या बुडाशी त्याने रबराचे तुकडे बसवले होते, म्हणजे आतली टाचणी पडताना आपटून खराब होऊ नये. खरी काडतुसं आतल्या खोलीत कुलपात होती. दोन भरलेल्या उशांच्या मधे बंदूक निजवली, नळीचं तोंड जाड भिंतीकडे. एका तारेचा आकडा करून तिला चिंधी गुंडाळली, तिचं एक टोक चापाला आणि दुसरं काट्याला. तो काटा दस्त्याच्या दिशेने सरळ, हळूहळू ओढणार, आणि खटका पडेल त्या क्षणी काटा कुठे होता ते बायको वाचणार, असं ठरलं.

"आधी एकदा असंच," तो म्हणाला. "पहिलं माप धरायचं नाही."

"का?"

"अवघडलेली असते. मीसुद्धा सकाळी उठल्या उठल्या सरळ चालत नाही."

तार सुरुवातीला चापावरून घसरत होती. चाप खाली वळलेला, त्यामुळे ती टोकाकडे सरके आणि सुटून हातात येई. दोनदा असं झाल्यावर त्याने ती वर, चापाच्या मुळाशी नेऊन अडकवली. तिथे ती घट्ट बसली.

"सव्वातीन," बायको म्हणाली.

बंदूक उघडली, मिटली. पुन्हा ओढलं.

"सव्वातीनच्या किंचित वर."

दहा वेळा मोजलं. दहाही वेळा सव्वातीनच्या आसपास. तिने खडूने फळीवर दहा रेघा काढल्या आणि प्रत्येक रेघेपुढे आकडा लिहिला. तो त्या रेघांकडे असा बघत राहिला, जसं शाळेत जाणाऱ्या मुलाने आपलं नाव पहिल्यांदा लिहिलेलं बघावं.

"सव्वातीन किलो!" तो म्हणाला. "अगं, सव्वादोनच्या वर बंदुकीला शोभत नाही, असं ठिणगी म्हणतो. मी म्हणत नव्हतो? आणि सगळे माझ्या बोटाकडे बघत होते."

"कोण बघत होतं?"

"सगळे."

त्या संध्याकाळी तो शीळ घालत अंगणात फिरला. गावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला तर तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईचा काटा बंदुकीला लावला? आणि आईने लावू दिला?"

सोमवारी त्याने बँकेच्या मॅनेजरबाईंना अर्ज दिला. अर्जात लिहिलं होतं की बंदुकीचा चाप मोजून बघितला असता सव्वातीन किलो भरला, सबब तो हलका करून घेण्यास परवानगी मिळावी. बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"मामा, हे घरी मोजलंत?"

"हो, मॅडम. दहा वेळा."

"कमाल आहे तुमची," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली. दाराशी परत येताना त्याने समोरच्या दगडी खांबाकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी दोघांची उंची पुन्हा सारखी वाटली.

मंगळवारी घरी आल्यावर त्याने बंदूक पुसायला काढली. उद्या ठिणगीकडे न्यायची, तर मळकी कशी न्यायची. तेलाची चिंधी फिरवून झाली आणि तो हात धुवायला गेला. बायको समोरच उशीचं तोंड शिवत बसली होती. सुई ओढता ओढता तिची नजर चापावर गेली आणि तिथेच राहिली.

तो परत आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, इकडे या. हे काय आहे?"

"काय?"

"हे चकाकतंय ते."

चापाच्या मधोमध, वळणात, नखाएवढा एक ठिपका आरशासारखा गुळगुळीत झाला होता. बाकी लोखंड काळसर, तेवढंच पांढरं.

"ते माझं बोट," तो म्हणाला. "सव्वीस वर्षांचं."

"आणि हे?"

तिने सुईचं टोक त्या ठिपक्याच्या वर नेलं. तिथे, चापाच्या मुळाशी, एक बारीक ताजा ओरखडा होता. तारेचा. चिंधी फाटून तार लोखंडाला लागली होती. ठिपका आणि ओरखडा यांच्यामधे करंगळीच्या जाडीएवढं अंतर.

त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं, मग ओरखड्यावर. दार उघडताना बिजागरीजवळ ढकललं तर दार हलत नाही, आणि कडीजवळ ढकललं तर पोरसुद्धा उघडतं, हे सव्वीस वर्षं दार सांभाळणाऱ्याला कुणी शिकवायचं?

"तार घसरत होती म्हणून वर लावली मी," शेवटी तो म्हणाला.

"माहीत आहे मला. मी समोरच होते."

"मुद्दाम नाही लावली."

"मी कुठे म्हटलं मुद्दाम?" तिने दोरा दाताने तोडला. "तो आपला कापूसवाला, गोणी तोलताना त्याचा पाय नेहमी गोणीखाली यायचा. दर वेळी म्हणायचा, वहिनी, पाय कसा आला कळलंच नाही. मला वाटतं, खरंच कळत नसेल त्याला."

तो हसला, पण ते हसू गालापर्यंत पोचलं नाही.

बुधवारी त्याने एक दिवसाची रजा टाकली. सकाळच्या उजेडात बंदूक पुन्हा उशांमधे निजली. पुन्हा चार डोळ्यांनी दोन्ही नळ्या बघून झाल्या. या वेळी त्याने तारेला चपटा आकार दिला, चिंधीऐवजी सुताचे वेढे घेतले आणि ती बरोबर त्या चकाकत्या ठिपक्यावर बसवली. घसरू नये म्हणून बायकोने मेणाचा एक थेंब लावला. काटा हळूहळू ओढला. खटका पडला.

"सव्वादोन."

पुन्हा.

"सव्वादोन."

सातव्या मापानंतर तो म्हणाला, "पुरे." ती म्हणाली, "दहा म्हणजे दहा," आणि तिने दहा पुरी करून घेतली.

मग त्याने बंदूक बाजूला ठेवली, ताणकाट्याची कडी खिडकीच्या गजाला अडकवली आणि आकड्यात स्वतःच्या उजव्या हाताचं पहिलं बोट घातलं. हे ठरलं नव्हतं. बायको खडू हातात धरून उभी राहिली. तो ओढू लागला. काटा एक किलोच्या पुढे गेला, दीडच्या पुढे गेला, तिथे घुटमळला. त्याच्या मानेची शीर वर आली. काटा पावणेदोनला टेकला आणि तिथून पुढे सरकेना.

"वाच," तो म्हणाला.

"दिसतंय तुम्हाला."

"वाच तू."

"पावणेदोन."

दुसऱ्यांदा दीडच भरलं. तिसऱ्यांदा ओढायला ती देईना. तिने त्याचं बोट आकड्यातून सोडवलं आणि दोन्ही तळव्यांत धरलं. गार होतं ते. फळीवर आता दहा रेघा बंदुकीच्या होत्या आणि खाली दोन बोटाच्या. मधे जो अर्धा किलो उरत होता, तो त्या खोलीत कापसाच्या एका उशीएवढाही नव्हता.

तरी तो दुपारी ठिणगीकडे गेला. सही झालेल्या अर्जाची प्रत खिशात होती, आणि पायांना ठरलेली वाट सोडवत नव्हती. ठिणगीचं दुकान म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि कानशींच्या चाळीस जाती. ठिणगीने अर्ज वाचला, बंदूक हातात घेतली, चाप आपल्या वजनांनी तोलला आणि म्हणाला, "सव्वादोन. गड्या, ही तर पहिल्या दिवशी होती तशीच आहे. तुझ्या अर्जात सव्वातीन कुठून आलं?"

"ते चुकलं."

"आणि बोट?"

"पावणेदोन."

ठिणगीने त्याच्याकडे बघितलं. मग कानस उचलली. "मग एवढं तोंड पाडायला काय झालं? आतली खाच जरा घासतो. दीडवर आणून देतो. बोट नुसतं दाखवलं तरी सुटेल."

"नुसतं दाखवलं तरी?"

"अरे, बोलायची रीत. लोण्यासारखा चालेल, एवढंच. तुला परवानगी आहे, सही आहे. कुणाला कळणार?"

खांब स्टुलावर बसला. त्याला एक जुना दिवस आठवला, जो त्याने बायकोलाही सांगितला नव्हता. अकरा वर्षं झाली होती. बँकेत रंगाचं काम चालू होतं, आणि एका रंगाऱ्याची शिडी काचेच्या दारावर कोसळली. असा आवाज झाला की सगळी बँक खाली बसली. तो दाराशी होता. काय झालं हे कळायच्या आत त्याची बंदूक खांद्याला होती आणि बोट चापावर. बोट नुसतं ठेवलेलं नव्हतं. त्याने ओढलं होतं. नळीसमोर रोखपाल बाईंची पाठ होती, हिरव्या कपड्यावर बारीक पांढरी फुलं. चाप थोडा आत गेला आणि थांबला. मग काचा दिसल्या, शिडी दिसली, रंगारी दिसला आणि बोट मागे आलं. लोक हसले, मामा केवढे सावध म्हणून कौतुकही झालं. रोखपाल बाईंनी त्याला स्वतःच्या डब्यातलं खायला दिलं. तो खाऊ शकला नाही.

त्या दिवशी त्याच्या बोटाने किती ओढलं असेल? एक किलो? दीड? पावणेदोन? काटा नव्हता तेव्हा. पण सव्वादोन ओढलं नव्हतं, एवढं नक्की. तेवढ्या उरलेल्या वजनावर ती बाई आजही खिडकीत बसून नोटा मोजत होती आणि तिची मुलं शिकत होती.

"ठेव कानस," तो म्हणाला.

"का रे?"

"चाप बरोबर आहे."

"चाप बरोबर आहे ते मीच तुला सांगितलं. शनिवारी चाचणीत काय करशील? बोट उसनं आणशील?"

"दे इकडे ती."

"अरे, लोक बंदूक हलकी करायला येतात, आणि तू मोजून परत नेतोस," ठिणगी म्हणाला. पण त्याने बंदूक परत देताना ती दोन्ही हातांनी दिली, एरवी तो एकाच हाताने पुढे करायचा.

गुरुवारी खांब मॅनेजरबाईंसमोर उभा राहिला आणि त्याने अर्ज परत मागितला.

"का? दुरुस्ती झाली?"

"दुरुस्ती नव्हतीच, मॅडम. माप चुकलं होतं. मी तार चुकीच्या जागी लावली. चाप सव्वादोनच आहे. बोट पावणेदोन आहे."

बाईंना क्षणभर समजलं नाही. समजलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. "मामा, चाचणी परवा आहे. जा तर खरं. पाचच गोळ्या आहेत, दोन बोटांनी ओढा. मी साहेबांशी बोलते."

"पाच गोळ्या मी दात लावूनसुद्धा मारीन. पण चाचणी झाल्यावर मला परत दाराशीच यायचंय."

"मग नुसते उभे राहा. काडतुसं घालू नका. कोण बघणार आहे?"

"बाहेर दगडी खांब आहे, मॅडम," तो म्हणाला. "त्याला पगार लागत नाही."

बाई हसल्या आणि मग हसणं अर्ध्यावर सोडून त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. अर्ज त्यांनी परत दिला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने दुसरा, नोकरी सोडायचा अर्ज लिहिला, तिथेच उभ्याने. पहिल्यापेक्षा लहान होता. त्यातलं एक वाक्य असं होतं: बंदुकीत दोष नाही.

जाताना रोखपाल बाईंनी खिडकीतून विचारलं, "मामा, आज लवकर?"

"हो," तो म्हणाला. "आज जरा लवकर."

दोन महिन्यांनी ठिणगीने निरोप धाडला की बंदुकीला गिऱ्हाईक आलंय, परवाना आहे, कागद तयार आहेत, तू ये. तोवर खांब पुढच्या खोलीत रुळला होता. गादी उलटताना दुसरं टोक धरायचा, गिऱ्हाइकांसमोर ताणकाटा उचलून धरायचा, आणि आकडा गाठोड्याच्या बरोबर मधे बसला आहे ना, हे इतकं वाकून बघायचा की बायको म्हणायची, "अहो, कापूस आहे तो. सुटणार नाही."

दुकानात तिशीतली एक बाई उभी होती, कसल्याशा कारखान्याच्या दारावर पहारा करणारी. अंगावर गणवेश, केस घट्ट बांधलेले. तिने बंदूक उघडली, दोन्ही नळ्यांतून बाहेरच्या उजेडाकडे बघितलं, मग बोट घालून बघितलं. खांबाला ते आवडलं. ठिणगीने मोकळी काडतुसं दिली. तिने बंदूक खांद्याला लावली, नळी भिंतीकडे केली आणि चाप ओढला.

खटका लगेच पडला.

"हलका आहे की!" ती म्हणाली.

ठिणगीने खाली बघितलं आणि तो शेगडीत काहीतरी शोधू लागला. खांबाने आपला उजवा हात खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला.

"हलका नाही," तो म्हणाला. "सव्वादोन आहे. बरोबर आहे. कुणी कमी करून देतो म्हणालं तर करू देऊ नका."

"का हो काका?"

त्याच्या डोळ्यांपुढे बारीक पांढरी फुलं येऊन गेली. सगळं सांगावं असं त्याला वाटलं, पण ते दुकानात उभ्या उभ्या सांगायचं नव्हतं.

"कधीतरी दार वाजेल," तो म्हणाला, "आणि तुमच्या आधी बोट धावेल. तेव्हा कळेल."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं, मग बंदुकीकडे. तिला चापाच्या वळणातला तो ठिपका दिसला. तिने पुन्हा खांद्याला लावली, आणि या वेळी बोट शोधत शोधत त्या ठिपक्यावर नेऊन ठेवलं.

"इथे?"

"तिथेच," खांब म्हणाला.